गिअरविना धावणारी गाडी : आइंडहोव्हनच्या डाफची कहाणी

युरोपच्या महामार्गांवर धावणाऱ्या अवजड ट्रकांवर डाफ हे नाव आजही ठळकपणे दिसते. पण साधारण १९६० ते १९७५ या काळात याच नावाने छोट्या कौटुंबिक मोटारगाड्या बनत होत्या आणि लाखोंच्या संख्येने विकल्या जात होत्या, हे नेदरलँड्सबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. मोटारींच्या इतिहासात जर्मनी, फ्रान्स, इटली आणि ब्रिटन यांना पानेच्या पाने मिळतात; डच मोटारी मात्र एखाद्या परिच्छेदात आटोपतात. डाफच्या वाट्याला आलेली ही उपेक्षा अन्यायाची आहे. गिअर बदलण्याच्या कटकटीतून सामान्य चालकाची सुटका करणारी यंत्रणा स्वस्त गाडीत बसवून ती मोठ्या प्रमाणावर विकून दाखवणारी ही पहिली कंपनी होती.

कंपनीचे संस्थापक हुब फान डोर्ने यांचा जन्म १ जानेवारी १९०० रोजी लिंबुर्ग प्रांतातल्या एका खेड्यात झाला. या खेड्याचे नाव अमेरिका. वडील लोहार होते आणि हुब यांचे हात लहानपणापासूनच लोखंडात रुळले. आइंडहोव्हनमध्ये कामाला असताना त्यांची ओळख हुएंगेस नावाच्या बिअर कारखानदाराशी झाली. हुएंगेस यांची बिघडलेली मोटार या तरुणाने दुरुस्त करून दिली. त्याचे कसब पाहून त्यांनी स्वतंत्र धंद्यासाठी भांडवल तर दिलेच, शिवाय बिअरच्या कारखान्याच्या आवारात जागाही दिली. १ एप्रिल १९२८ रोजी तिथे एक छोटे वर्कशॉप सुरू झाले. फिलिप्स आणि आइंडहोव्हन नगरपालिका ही त्याची सुरुवातीची गिऱ्हाइके. वेल्डिंग, लोहारकाम, शिड्या, खिडक्यांच्या चौकटी असे मिळेल ते काम घेतले जाई. लवकरच धाकटा भाऊ विम धंद्यात आला. हुब यांचे डोके यंत्रांत रमणारे आणि विम यांचे हिशेब व व्यवहारात. ही जोडी पुढे जवळजवळ चार दशके टिकली.

तिसाव्या दशकातल्या जागतिक मंदीत किरकोळ कामे आटली, तेव्हा भावांनी ट्रेलरकडे मोर्चा वळवला. त्या काळी ट्रेलरची चौकट रिव्हेट मारून जोडत. फान डोर्ने यांनी ती वेल्डिंगने जोडली. त्यामुळे ट्रेलर हलका झाला आणि तेवढ्याच गाडीला जास्त माल ओढता येऊ लागला. १९३२मध्ये कंपनीने फान डोर्नेंचा ट्रेलर कारखाना असे नाव घेतले आणि त्याच्या डच आद्याक्षरांतून डाफ हे नाव तयार झाले. पुढे ट्रकांचे उत्पादन सुरू झाल्यावर ट्रेलरच्या जागी मोटार हा शब्द आला, पण डच भाषेत या दोन्ही शब्दांचे आद्याक्षर एकच असल्याने नाव बदलावे लागले नाही. रेल्वेच्या डब्यावरून उतरवून थेट रस्त्यावर नेता येतील अशा पेट्यांचे ट्रेलरही डाफने याच दशकात बनवले. कंटेनर वाहतुकीचे युग सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे हे काम होते. लष्करासाठी फान डर ट्राप्पेन या अधिकाऱ्याच्या सहकार्याने ट्राडो नावाची जोडणी तयार झाली. बाजारात मिळणाऱ्या साध्या ट्रकला ती बसवली की मागची चारही चाके ओढू लागत आणि ट्रक चिखलातून, वाळूतून जाऊ शके.

जर्मन ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये, पेट्रोल मिळणे दुरापास्त झालेले असताना हुब यांनी एक चिमुकली तीनचाकी बनवली. ती इतकी अरुंद होती की लोकांनी तिला ‘धावता रेनकोट’ म्हटले. ती बाजारात आली नाही आणि येणारही नव्हती. पण लहान, सोप्या, सर्वांना परवडेल अशा गाडीचा विचार हुब यांच्या डोक्यात तेव्हापासून घोळत होता हे तिच्यावरून कळते. युद्धानंतर देशाच्या पुनर्बांधणीला आधी ट्रक हवे होते. १९४९मध्ये डाफचे पहिले ट्रक बाहेर पडले. सैन्याच्या मागण्या आल्या, कारखाना वाढला आणि मोटारीचा विचार काही वर्षे बाजूला राहिला.

त्या वेळी नेदरलँड्समध्ये मोटारी बनवणारे कोणी उरलेच नव्हते म्हटले तरी चालेल. विसाव्या शतकाच्या आरंभी ॲमस्टरडॅमच्या स्पायकर कंपनीने सहा सिलिंडरांची, चारही चाकांना गती देणारी गाडी बनवून नाव कमावले होते. १९०७च्या पेकिंग ते पॅरिस शर्यतीत तिची एक गाडी धावलीही. पण ही कंपनी विसाव्या दशकाच्या मध्यात बंद पडली. युद्धानंतर मॉस गात्सोनिडेस या रॅलीपटूने आपल्या नावाच्या थोड्या गाड्या बनवल्या आणि तोही थांबला. (रस्त्यावरचा वेग मोजणारा कॅमेरा ही याच माणसाची देणगी.) सायकलींच्या या देशाला लागणाऱ्या मोटारी परदेशातून येत किंवा परदेशी कंपन्यांचे सुटे भाग आणून इथे जोडल्या जात.

फेब्रुवारी १९५८मध्ये ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात डाफ ६०० उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. पहिली देशी छोटी गाडी म्हणून गर्दी लोटली आणि प्रदर्शन संपेपर्यंत सुमारे ४,००० मागण्या नोंदल्या गेल्या. गाडी दिसायला साधी होती : दोन दारे, चौघांची बैठक, पुढे हवेने थंड होणारे ५९० सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन. ताशी ९० किलोमीटर हा तिचा कमाल वेग. आकड्यांत सांगण्यासारखे तिच्यात काहीच नव्हते. नवल होते ते चालकाच्या पायाशी. तिथे क्लचचे पेडल नव्हते. दोन्ही आसनांच्या मधला दांडा पुढे ढकलला की गाडी पुढे जाई, मागे ओढला की मागे. बाकी सारे काम ॲक्सिलरेटर आणि ब्रेक या दोन पेडलांवर. स्वयंचलित गिअर तेव्हा अमेरिकी गाड्यांत होते. पण ते जड आणि महाग होते, आणि इंजिनाची बरीच शक्ती खाऊन टाकत. ५९० सीसीच्या इंजिनाला ते पेलले नसते. हुब यांनी निराळी वाट शोधली. व्हेरिओमॅटिक या नावाने ती ओळखली जाते.

पेट्रोल इंजिन एका ठराविक फेऱ्यांच्या टप्प्यातच नीट काम करते. गाडीला मात्र शून्यापासून कमाल वेगापर्यंत जायचे असते. चढावर जोर हवा असतो, सपाट रस्त्यावर वेग. या दोहोंचा मेळ घालायला गिअर लागतात. नेहमीच्या गिअरपेटीत तीन, चार किंवा पाच ठरलेल्या पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी चढता-उतरताना क्लच दाबून इंजिन चाकांपासून क्षणभर वेगळे करावे लागते. व्हेरिओमॅटिकमध्ये दातेरी चाकांच्या पायऱ्यांऐवजी पट्टे आणि पुल्या होत्या. प्रत्येक पुली दोन तिरप्या तबकड्यांची, तबकड्यांमध्ये इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच आणि त्या खाचेत रबरी पट्टा बसलेला. तबकड्या एकमेकींच्या जवळ आल्या की पट्टा खाचेत वर सरकून मोठ्या घेराने फिरतो. त्या दूर गेल्या की तो आत उतरून लहान घेराने फिरतो. पुढच्या पुलीचा घेर वाढला की मागच्या पुलीच्या तबकड्या स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध फाकतात आणि तिथला घेर तेवढाच कमी होतो. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यातले प्रमाण पायरीपायरीने न बदलता अखंड बदलत राहते. पुण्याच्या फिरोदिया समूहाने होंडाबरोबर १९८०च्या दशकात आणलेली कायनेटिक होंडा किंवा आज घरोघरी दिसणारी गिअर नसलेली कोणतीही स्कूटर मागच्या चाकाजवळ उघडली, तर हाच पट्टा आणि याच दोन पुल्या दिसतात.

पुलीच्या तबकड्या हलवायच्या कोणी, हा खरा प्रश्न होता. हुब यांनी ते काम दोन बलांवर सोपवले. इंजिन वेगाने फिरू लागले की पुलीतली वजने केंद्रापासून बाहेर फेकली जात आणि तबकड्या जवळ ढकलत. त्याने गाडी वरच्या प्रमाणाकडे जाई. दुसरे बल इंजिनाने हवा ओढल्यामुळे निर्माण होणाऱ्या निर्वाताचे. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असला की निर्वात जास्त असतो. तो तबकड्यांना जवळ खेचून इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवी आणि पेट्रोल वाचे. पाय खोल दाबला की निर्वात उतरे, पट्टा खाली येई आणि चढण चढायला किंवा पुढच्या गाडीला ओलांडायला लागणारा जोर मिळे. ब्रेक दाबला की उलट दिशेने निर्वात लागून प्रमाण खाली येई आणि इंजिनही गाडीला आवरू लागे. यात संगणक नाही, विजेची गुंतागुंत नाही. रस्ता, वेग आणि चालकाचा पाय या तिन्हींचा अंदाज यंत्र स्वतःच घेत असे. गाडी उभी असताना इंजिन चाकांपासून सुटे ठेवायला केंद्रोत्सारी क्लच होता. फेऱ्या वाढल्या की तो आपोआप पकडे. १९५०च्या दशकातल्या यांत्रिक कल्पकतेचा हा अव्वल नमुना मानायला हवा.

पट्टे दोन होते, मागच्या प्रत्येक चाकाला एक. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापते. एरवी त्यासाठी मधे डिफरन्शियल लागते. इथे दोन्ही पट्टे आपापले प्रमाण थोडे बदलून घेत, म्हणून डिफरन्शियलची गरजच पडली नाही. याचा अनपेक्षित फायदा बर्फात आणि चिखलात दिसला. साध्या गाडीचे एक चाक घसरून फिरू लागले की दुसऱ्याचा जोर जातो. डाफचे दुसरे चाक ओढतच राही.

दिशा बदलणारे दातेरी चाक पट्ट्यांच्या आधी बसवलेले होते. त्यामुळे मागे जाताना पट्ट्यांचा संपूर्ण पल्ला उपलब्ध असे आणि डाफ जेवढ्या वेगाने पुढे धावे तेवढ्याच वेगाने मागेही धावू शके. जुन्या डाफ गाड्या स्वस्त झाल्यावर नेदरलँड्समध्ये उलट्या धावण्याच्या शर्यती भरू लागल्या. टीव्हीवर त्या अतिशय लोकप्रिय झाल्या आणि असंख्य धडधाकट गाड्या तिथे मोडून पडल्या. आज संग्राहकांना चांगली डाफ शोधावी लागते, त्याचे हे एक कारण.

डाफ ६००चे उत्पादन १९५९मध्ये सुरू झाले आणि काही वर्षांत ३० हजारांवर गाड्या रस्त्यावर आल्या. १९६१मध्ये ७४६ सीसीचे इंजिन आले आणि सजवलेल्या आवृत्तीला डॅफोडिल हे नाव मिळाले. त्यानंतर इटलीचे जोव्हान्नी मिकेलोत्ती यांच्याकडे गाडीचे रूप सोपवण्यात आले. १९६६ची डाफ ४४ ही त्यांनी संपूर्णपणे रेखलेली गाडी. तिच्या नेटक्या, स्वच्छ रेषा आजही डोळ्यांना सुखावतात. तिच्यात ८४४ सीसीचे इंजिन होते आणि ती दीड लाखाहून अधिक विकली गेली. १९६७च्या अखेरीस आलेल्या डाफ ५५मध्ये रेनॉचे ११०८ सीसीचे, चार सिलिंडरांचे, पाण्याने थंड होणारे इंजिन बसवले होते. दोन सिलिंडरांची फटफट संपली आणि डाफ पहिल्यांदा मध्यमवर्गीय कुटुंबाची पूर्ण गाडी झाली.

गिऱ्हाइकांच्या मनातले चित्र मात्र बदलत नव्हते. सुरुवातीला सोपेपणा हेच डाफचे बलस्थान होते. पन्नाशी-साठीच्या दशकांत पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या डच कुटुंबांत सायकलीवर वाढलेली, वय झाल्यावर गाडी शिकू पाहणारी माणसे पुष्कळ होती. त्यांना क्लच आणि गिअरचा मेळ जमत नसे. स्त्रिया, वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी डाफने रस्ता खुला केला. एक पाय निकामी झालेल्या माणसालाही ती चालवता येई. हे मोठेच काम होते. पण ज्याला गिअर टाकता येत नाही त्याने डाफ घ्यावी, असा समज त्यातूनच पसरला आणि तरुण, उत्साही चालक तिच्यापासून दूर राहिले. पट्ट्यांचा घोंघावणारा आवाज, वेग वाढला तरी इंजिनाचा सूर तोच राहणे, यांची टिंगल होई. चांगल्या गुणाचीच अशी शिक्षा एखाद्या गाडीला व्हावी, याची आजही खंत वाटते.

हा समज मोडण्यासाठी कंपनी शर्यतींच्या मैदानात उतरली. १९६५पासून काही वर्षे फॉर्म्युला ३च्या गाड्यांना व्हेरिओमॅटिक बसवून धावडवण्यात आले. पुढे ल मान्सची २४ तासांची शर्यत दोनदा जिंकणारा खेइस फान लेनेप हा त्यांच्या चालकांपैकी एक. पट्ट्यांमुळे इंजिन सतत आपल्या सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांवर ठेवता येई. गिअर बदलताना जाणारा वेळ वाचे आणि चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहत. १९६८च्या लंडन ते सिडनी मॅरेथॉनमध्येही डाफ ५५ उतरल्या. २४ नोव्हेंबरला लंडनहून निघालेल्या या शर्यतीचा पहिला टप्पा युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून मुंबईत संपला. मुंबई बंदरातून ‘चुसान’ या जहाजावर चढवून गाड्या ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला नेण्यात आल्या आणि तिथून सिडनीपर्यंतची दौड पुन्हा सुरू झाली. शर्यत हिलमन हंटर चालवणाऱ्या अँड्र्यू कॉवनच्या संघाने जिंकली. तरी हिंदुकुशातले घाट आणि ऑस्ट्रेलियातले धुळीचे रस्ते रबरी पट्ट्यांवर पार करून डाफने सिडनी गाठली, हा तिच्या यंत्रणेच्या टिकाऊपणाचा जाहीर पुरावा होता. पुढे ५५च्या अधिक वेगवान आवृत्तीला मॅरेथॉन हेच नाव देण्यात आले.

याच सुमारास मोटारींचे उत्पादन आइंडहोव्हनहून दक्षिण लिंबुर्गमधल्या बोर्न या गावी हलले. त्यामागे केवळ जागेची अडचण नव्हती. लिंबुर्गच्या कोळसा खाणी बंद करण्याचा निर्णय आर्थिक व्यवहार मंत्री योप डेन आउल यांनी डिसेंबर १९६५मध्ये जाहीर केला होता आणि हजारो खाणकामगारांना पर्यायी रोजगार द्यायचा होता. सरकारी मदतीने उभा राहिलेला बोर्नचा कारखाना १९६०च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण वेगाने चालू लागला. जमिनीखालून कोळसा काढणारी माणसे आता असेंब्ली लाइनवर मोटारी जोडू लागली.

कारखाना मोठा झाला, पण त्याला पुरतील एवढी मॉडेले डाफकडे नव्हती. नवी गाडी घडवायला लागणारा पैसा लहान देशातल्या एका कुटुंबाच्या कंपनीच्या आवाक्याबाहेर जात होता. स्वीडनच्या व्होल्वोला मोठ्या गाड्यांच्या खाली एक लहान गाडी हवी होती. तिने १९७२च्या कराराने डाफच्या मोटार विभागात एक तृतीयांश हिस्सा घेतला आणि १९७५मध्ये तो ७५ टक्क्यांवर नेला. १९७२मध्ये आलेली डाफ ६६ रस्त्यावर अधिक स्थिर होती. तिच्या मागच्या चाकांना द दियों पद्धतीचा आस होता. तीच गाडी १९७५पासून थोड्या बदलांनिशी व्होल्वो ६६ म्हणून विकली जाऊ लागली. १९७४ची डाफ ४६, दोनऐवजी एकाच पट्ट्यावर चालणारी, हे डाफ नावाचे शेवटचे नवे मॉडेल. आराखड्यावर असलेली पुढची गाडी, जिला आत ७७ म्हणत, ती १९७६मध्ये व्होल्वो ३४३ म्हणून बाजारात आली. सुरुवातीला तिच्यात पट्टेच होते. खप हवा तसा होईना म्हणून काही वर्षांत साधी गिअरपेटी देण्यात आली आणि मग ती मालिका १९९१पर्यंत दहा लाखांहून अधिक विकली गेली. गिऱ्हाइकांनी गाडी स्वीकारली ती तिच्या मूळ वैशिष्ट्याशिवाय.

मोटारींपासून वेगळ्या झालेल्या ट्रक कंपनीने ब्रिटनच्या लेलँडबरोबर १९८७मध्ये संसार थाटला, १९९३मध्ये दिवाळे काढले, सावरली आणि १९९६पासून अमेरिकेच्या पॅकारच्या मालकीखाली भरभराटीला आली. बोर्नचा कारखाना १९९१मध्ये डच सरकार, व्होल्वो आणि मित्सुबिशी यांच्या भागीदारीत नेडकार या नावाने चालू राहिला. पुढे मित्सुबिशीने तो २०१२मध्ये एका युरोला व्हीडीएल या आइंडहोव्हनच्याच उद्योगसमूहाला विकला. तिथे बीएमडब्ल्यूसाठी मिनी गाड्या बनत. ते काम फेब्रुवारी २०२४मध्ये थांबले.

हुब फान डोर्ने मात्र पट्ट्यापाशीच थांबले होते. रबरी पट्टा ताकदवान इंजिनाला पुरत नाही, ही व्हेरिओमॅटिकची मर्यादा त्यांना दिसत होती. वयाच्या सत्तरीनंतर, १९७२मध्ये, त्यांनी ट्रान्समिशनच्या संशोधनासाठी वेगळी कंपनी काढली आणि पोलादी पट्ट्यावर काम सुरू केले. पातळ पोलादी कड्यांच्या दोन जुड्यांवर काही शे पोलादी चकत्या शेजारी शेजारी ओवलेल्या असतात. तिरप्या तबकड्या त्या चकत्यांना पकडतात आणि मागची चकती पुढचीला रेटते. रबरी पट्टा ओढून शक्ती पोचवतो, हा ढकलून पोचवतो. पट्टा ढकलू शकतो, हे पटायलाच पुष्कळ अभियंत्यांना वेळ लागला. २३ मे १९७९ रोजी हुब यांचे निधन झाले, तोवर हा पट्टा कोणत्याही गाडीत विक्रीला आलेला नव्हता.

१९८७मध्ये सुबारू जस्टी, फोर्ड फिएस्टा आणि फियाट उनो या गाड्यांत तो आला. १९९३मध्ये विल्यम्स संघाने हा पट्टा बसवलेली फॉर्म्युला १ गाडी चाचणीसाठी धावडवली. पुढच्या हंगामापासून नियमांनीच अशा यंत्रणेला मनाई केली. १९९५मध्ये जर्मनीच्या बॉशने हुब यांची ट्रान्समिशन कंपनी विकत घेतली. तिच्या टिलबुर्गच्या कारखान्यातून निघणारे पट्टे कोट्यवधी गाड्यांत, त्यातही जपानी गाड्यांत, बसले आहेत. भारतात सीव्हीटी या तीन अक्षरांनी विकल्या जाणाऱ्या स्वयंचलित मोटारींमध्ये चालणारी यंत्रणा याच कुळातली. ट्रेलरपासून ४६पर्यंतच्या डाफच्या वाहनांचे संग्रहालय आइंडहोव्हनमध्ये, जुन्या बिअर कारखान्याच्या त्याच आवारात आहे.